बाजेवरची सरपंच

प्रिय अनिता,

फोनवर मला हल्ली धड बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले. बसले म्हणजे काय, बाजेवर पालथी पडून, उशीवर कागद ठेवून लिहितेय. बोलता बोलता मधेच शब्द हरवतो. परवा दुकानात 'ते पांढरं हो, भाजीत घालायचं' असं म्हणत उभी राहिले. मीठ म्हणायचं होतं. दुकानदार हसला, मागची बाई हसली, मीही हसले आणि घरी येऊन रडले. पत्राचं बरं असतं, शब्द येईपर्यंत कागद थांबतो. मधेच अक्षर बदललेलं दिसलं तर मी झोपून उठले असं समज आणि पुढं वाच.

मी तुझ्या माहेरची सरपंच झाले हे तुला ठाऊकच आहे. आता तेच गाव मला राजीनामा दे म्हणतंय, तेसुद्धा माझ्याच भल्यासाठी, प्रकृतीचं कारण देऊन. सगळे इतक्या मायेनं म्हणताहेत की चिडायचीही सोय राहिली नाही. सही करायची की नाही, एवढाच प्रश्न आहे. पण तिथं यायच्या आधी मला माझं दुखणं सांगू दे. गेल्या तीन वर्षांत ते कुणी शेवटपर्यंत ऐकून घेतलेलं नाही. मी अर्ध्यात आले की समोरचं माणूस स्वतःच्या मेहुणीचं सांगायला लागतं.

सुरुवात केसांपासून झाली. फणीत पुंजकेच्या पुंजके यायचे. मग ऐन वैशाखात मला थंडी वाजायला लागली. सगळं गाव पत्र्याखाली भाजून निघतंय आणि मी ओसरीत स्वेटर घालून. चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला. आमच्या सासूबाईंना, मी त्यांना आत्या म्हणते, त्यांना वाटलं या वयात पुन्हा दिवस गेले की काय. शिरूरला डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, थायरॉईड कमी काम करतंय. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. दुखण्याला नाव मिळालं, म्हणजे मी खोटी नाही. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही. उठल्या उठल्या चहा न मिळालेली मी कशी असते, ते तू होस्टेलवर बघितलंयस. तरी एक दिवस गोळी चुकवली नाही. डोस वाढवला, पुन्हा रक्त, पुन्हा डोस. शेवटी एकदाचा रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टर खूश, आत्या खूश, संपतराव तर पेढे आणायच्या बेतात. रिपोर्ट बरा झाला, अनिता. मी नाही झाले.

(संपतरावांना मी समोर कधी नावानं हाक मारत नाही. पत्रात मारते. नवऱ्यावर राग आला की तेवढंच बरं वाटतं.)

दमणं मला माहीत आहे. शिरूरच्या मैदानावर खो-खो खेळताना मी पळायचे आणि तू कडेला दप्तरावर डोकं ठेवून झोपायचीस. आपल्या दोघींत आळशी कोण होतं हे तुझी आईसुद्धा सांगेल. तुळजाकाकी तुझ्या डब्यात माझ्या वाटणीची भाकरी जास्तीची द्यायच्या, म्हणायच्या, 'ही पळणारी हाय, हिला दोन दे, आमच्या झोपाळूला एक बास.' ते दमणं गोड होतं. पाणी प्यायलं, झोपलं की गेलं. शेतातलं, बाळंतपणातलं दमणंही झोपेनं जायचं. हे जात नाही. हे झोपून उठल्यावर अंगात असतं, मी डोळे उघडायच्या आधी उठून बसलेलं. भाकरी थापताना हात मधेच थांबतो आणि मी त्या हाताकडे बघत बसते. आंघोळ केली की पुन्हा पडावं लागतं. केस विंचरायला हात वर धरवत नाहीत म्हणून मी ते कापून टाकले, तर आत्यांनी आठवडाभर अबोला धरला.

आणि सल्ले. अगं, सल्ल्यांनी माणूस मरत असतं तर माझं वर्षश्राद्धही होऊन गेलं असतं. धण्याचं पाणी पी. कोबी खाऊ नको. फ्लॉवर तर बघूही नको. जवस खा, जवस उष्ण पडतं, खाऊ नको. मान अशी फिरव, तशी फिरव. सकाळी चालायला जा. अगं बायांनो, मला चालता येत असतं तर मी दुखणं कशाला सांगितलं असतं? संपतरावांनी मोबाईलवरून शोधून काढलं की हे सगळं मोबाईलमुळं होतं. आत्यांचं म्हणणं, लग्नातलं जागरण-गोंधळ राहिलंय, खंडोबा कोपला. तेही घातलं. वाघ्या-मुरळी येऊन रात्र जागवून गेले, गाव जेवलं, आणि पाच दिवस मी उठले नाही. रोग हाल्याला आणि औषध पखालीला.

पण सल्ले परवडले. रिपोर्ट नॉर्मल आल्यावर जे सुरू झालं ते नाही सोसलं. तोवर मी आजारी होते, आता आळशी झाले. संपतराव तो कागद फ्रिजवर चुंबकानं लावून मोकळे झाले. मी दुपारी आडवी झाले की काही बोलायचे नाहीत, नुसते फ्रिजकडे बघायचे. ते कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, रांजणगावची ट्रिप मारून यायचे, दमलेले असायचे हे मला कळतं. एकदा जेवताना म्हणाले, 'डॉक्टर म्हंत्यात काय न्हाई. मशीन म्हंतंय काय न्हाई. मंग आता नेमकं कुणाला विचारायचं?' मला विचारा की. घरात मी एक जिवंत बाई आहे, मला विचारा. पण हे मी बोलले नाही. बोलायलाही ताकद लागते आणि भांडायला तर दुप्पट लागते. थकलेल्या माणसाला सगळ्यात सोपा शब्द एकच असतो, 'बरं.' मी तो शिकले, आणि त्यानंच माझा घात केला. ते पुढं येईल.

दौंडच्या डॉक्टरणीकडे गेले ते मागच्या वर्षी. तू म्हणाली होतीस, एसटीनं न्हावऱ्यावरून ये, चौफुल्याला उतर, केडगावहून मी तिथं येते, आपण दोघी मिळून दौंडला जाऊ. मी उतरले. रसवंतीच्या बाकावर बसून राहिले. तू आली नाहीस, फोन उचलला नाहीस, आणि संध्याकाळी मेसेज केलास की पाहुणे आले होते. असतील आले. मी एकटी पुढं गेले. ती डॉक्टरीण वयानं लहान, पण तिनं खुर्ची पुढं ओढून शेवटपर्यंत ऐकलं. लोह बघितलं, बी-बारा बघितलं, झोपेचं विचारलं, सगळं ठीकठाक निघालं. मग ती म्हणाली, 'ताई, गोळी बरोबर चाललीय. तरीही काही जणींना थकवा राहतो. का राहतो, मला माहीत नाही. पण तुम्ही खोटं बोलत नाही आहात हे मला दिसतंय. आपण शोधत राहू.' मी तिच्यासमोर ढसाढसा रडले. शिकलेलं माणूस 'मला माहीत नाही' म्हणतंय आणि माझ्यावर विश्वास ठेवतंय, असं कधी झालंच नव्हतं. येताना वाटलं तुझ्याकडे उतरावं आणि तुला हे सांगावं. मग तुझ्या जिन्याच्या पायऱ्या आठवल्या आणि तशीच पुढं आले.

आता गावाचं ऐक. सरपंचपदाचं आरक्षण निघालं, ओबीसी महिला. तुमच्याकडं कुणाला उभं राहता येईना, म्हणून तुझे आप्पा आमच्या ओसरीवर आले. हौसराव आप्पा आमच्या घरी. संपतरावांनी नवी चादर अंथरली, आत्यांनी डोक्यावरचा पदर तीनदा सारखा केला. मी बाजेवरून उठायला लागले तर आप्पांनी हातानं थांबवलं. म्हणाले, 'पडून ऱ्हा पोरी. तुला कायबी करायचं न्हाई. आराम कर. ग्रामसेवक घरी यील, सही कर. बाकी आमचा विश्वजीत बघंल.' खरं सांगते, मी सुखावले. वाटलं, बी.ए. झालेली धनगराची सून, बोलायला बरी, आप्पांनी ओळखलं वाटतं. मी म्हणाले, 'बरं.'

माझी निवड का झाली ते मला संपतरावांनीच सांगितलं, आणि कौतुकानं सांगितलं. बैठकीत कुणीतरी विचारलं होतं, हीच का? तर आप्पा म्हणाले, 'बाई शिकल्याली हाय, म्हंजी इरोधकाला बोलायला जागा न्हाई. आन् आजारी हाय. आजारी मानूस भांडत न्हाई.' तुझे आप्पा हुशार आहेत, अनिता. तीन वर्षं माझ्या नवऱ्याला, सासूला, शिरूरच्या डॉक्टरांना जे पटलं नाही ते त्यांना एका बैठकीत पटलं. मग तर काय विचारतेस. फ्रिजवरचा कागद निघाला. ज्या घरात मी सोंग घेत होते त्याच घरातून वस्तीवस्तीवर निरोप जायला लागला, की मिसेसला दगदग सोसत न्हाई, तरी गावासाठी उभी ऱ्हायलीय. संपतराव हे सांगताना डोळ्यांत पाणी आणायचे. मी जीपमध्ये हात जोडून बसायचे आणि दोन वस्त्यांच्या मधे झोपायचे. लोकांना माझा कळवळा आला. मी चांगल्या मतांनी निवडून आले. तू त्या दिवशी अभिनंदनाचा फोन केलास. आजारपणात नाही केलास, तेव्हा केलास, हे मी मनात ठेवलंय आणि आता लिहूनही टाकलं.

इथं थांबले होते. अंगणात ऊन सरकलंय, आत्यांनी चहा आणून ठेवलेला गार झालाय.

पहिले काही महिने आप्पांनी म्हटल्यासारखेच गेले. ग्रामसेवक यायचे, बाजेशेजारी खुर्ची टाकायचे. गावातली टारगट पोरं मला 'बाजेवरची सरपंच' म्हणायची. मी हसायचे. म्हटलं, लोक उंटावरून शेळ्या हाकतात, मी बाजेवरून. मग पाण्याच्या टाकीचं काम मंजूर झालं. जागा ठरवायला तालुक्याहून इंजिनिअर आला आणि म्हणाला, सरपंच जागेवर पाहिजेत. तुझा भाऊ विश्वजीत म्हणाला, 'वहिनी, तुम्ही कशाला तरास घेता, मी दाखवतो जागा.' त्याची जागा म्हणजे हायवेला लागून त्यानं प्लॉटिंग टाकलंय ना, कंपन्यांतल्या लोकांना विकायला, त्याच्या शेजारची. पण इंजिनिअर नवीन होता, हट्टाला पेटला, दोन्ही जागा सरपंचांसोबतच बघणार. तेव्हा संपतरावांच्या मोटरसायकलवर बसून मी माळावर गेले. आमची सगळी भावकी तिथं वर धनगरवस्तीत राहते. आम्ही रस्त्याला घर बांधून खाली आलो, नळ आला, आणि आजारपण लागल्यापासून मी वर गेलेच नव्हते.

इंजिनिअरनं बघितलं आणि सांगून टाकलं. माळ उंच आहे, टाकी इथं झाली तर पाणी उतारानं आपोआप सगळ्या गावात जाईल. खाली झाली तर वस्तीसाठी मोटर लावावी लागेल, आणि लाईट गेली की वस्ती कोरडी. हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही, पाणी कुठं वाहतं ते शेळीलाही कळतं. तो खाली गेला, सगळे त्याच्या मागं गेले. मला उतरवेना. पायात गोळे आले आणि डोळ्यांपुढं अंधारी आली, म्हणून मी चढाच्या तोंडाशी एका धोंड्यावर बसले. संपतरावांना म्हटलं, तुम्ही जाऊन या, मी इथंच आहे. आणि मग मी तिथं बसूनच राहिले, उठताच येईना. त्या वेळात वस्तीतल्या बाया खालच्या विहिरीवरून हंडे घेऊन चढत होत्या. प्रत्येक बाई त्याच धोंड्याशी येऊन थांबायची, हंडा टेकवायची, मला बघून लाजायची, म्हणायची, 'सरपंचबाई, जरा सरका.' मी सरकायचे. एक जाऊबाई सात महिन्यांची पोटुशी होती. ती माझ्याशेजारी बसली, दोघींना धाप लागलेली, बोलायला कुणालाच येईना. मग तिनंच मला विचारलं, 'तुमास्नी काय झालंय वं?' मी म्हणाले, 'थकवा.' ती मान हलवून 'व्हय' म्हणाली. तिनं धण्याचं पाणी सांगितलं नाही. तिनं मेहुणीचं सांगितलं नाही. हंडा उचलला आणि चढाला लागली.

मी धडधाकट असते तर जागा बघून पाच मिनिटांत खाली गेले असते, इंजिनिअरच्या पुढं. हे मला दिसलंच नसतं. दुखण्याचे उपकार मानावेत अशी मी काही संत नाही, मला ते नकोच आहे, आज कुणी घेतलं तर आज देऊन टाकेन. पण त्या दिवशी मी बसले म्हणून बघितलं, एवढं खरं.

ग्रामसभेत मी उभी राहिले नाही, खुर्चीवर बसूनच बोलले. एकच वाक्य पाठ केलं होतं, मधे शब्द हरवू नये म्हणून. टाकी माळावर होईल. मग मागून, वस्तीतल्या बायांमधून, कुणीतरी हसलं, आनंदाचं. विश्वजीत ताडकन उठला आणि म्हणाला, 'कानामागून आली आन् तिखट झाली.' आप्पांनी त्याला खाली बसवलं. स्वतः उठून माझ्यापाशी आले, डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, 'पोरीची तब्येत आज लई बिघडल्याली दिसती. घरी न्या रं तिला.' हसले नाहीत, रागावले नाहीत. ठराव मंजूर झाला. घरी येऊन मी जी झोपले ती दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला उठले.

तेव्हापासून माझ्या तब्येतीला गावात तोटा नाही. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही, म्हणून ही माया. विश्वजीत शहाळी घेऊन येतो. सोसायटीचे चेअरमन सफरचंदं ठेवून गेले. तीन वर्षं ज्यांना माझा थकवा दिसला नाही त्यांना तो आता रस्त्यावरून जाता जाता दिसतो. जो येतो तो म्हणतो, वहिनी, जीव महत्त्वाचा. राजीनामा टाईप होऊन आलाय, पंचायत समितीच्या सभापतींच्या नावानं, 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे' असं त्यात छान लिहिलंय. फक्त सही राहिलीय. कंपनीच्या बसचं कंत्राट विश्वजीतच्या मित्राकडं आहे, संपतरावांची ट्रिप तीन दिवसांपासून बंद आहे, त्याचं कारण कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही.

माझा राग ह्यांच्यावर नाही, ह्यांना मी ओळखते. माझा राग माझ्यावर आहे, कारण मला सही करावीशी वाटते. अनिता, तुला कळतंय का मी काय सांगतेय ते? तीन वर्षं मी एकाच वाक्यासाठी जीव टाकत होते. कुणीतरी म्हणावं, धनश्री, तू आजारी आहेस, पड जरा. आता ते वाक्य दारोदार मिळतंय. परवा संपतराव बाजेच्या कडेला बसले, माझे पाय मांडीवर घेतले. असं त्यांनी लग्न झाल्यापासून केलं नव्हतं. म्हणाले, 'त्या दिवशी तू झोपलीस तवा मी दोनदा तुझ्या नाकापाशी हात धरून बघितला. मला कळलंच न्हवतं गं इतकं. सही कर आन् मोकळी हो.' त्यात ट्रिपची काळजी किती आणि माझी किती, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. मी म्हणाले नाही 'बरं.' मी नुसती रडले. सही केली तर मी सकाळी गोळी घेऊन पुन्हा झोपू शकते आणि कुणीही फ्रिजकडे बघणार नाही. आणि माझ्यामागं ठराव फिरवतील, टाकी खाली जाईल. जाऊबाई बाळंत होऊन हंडा घेऊन चढेल, तिच्या मागून तिची लेक चढेल. दोन्ही मला दिसतं. डोळे मिटले तरी दिसतं.

आता हे सगळं तुला का लिहिलं ते. काल तुझा निरोप आला की रविवारी येतेस, भाऊजींच्या गाडीनं, माझी तब्येत बघायला. तुझ्या आवाजातला तो निरोप मी दोनदा ऐकला आणि मला फार बरं वाटलं. मग संपतराव सहज बोलून गेले, की आप्पा म्हणत होते, अनिताचं ती ऐकंल. आप्पांचं खरं आहे, मी तुझं ऐकते. तू समोर बसून माझा हात धरलास आणि म्हणालीस, सही कर गं, तर मी 'बरं' म्हणेन, कारण मी थकलेली असेन आणि तू असशील. म्हणून माझा नकार आधीच पाठवतेय, तुझ्यावर विचारायची वेळ येऊ नये म्हणून. मी फार थकलेली आहे, आणि मी राजीनामा देणार नाही. हे पत्र शुक्रवारपर्यंत तुझ्या हातात पडेल, आमच्या आत्या त्यांच्या भावाकडं केडगावला निघाल्यात, त्यांच्याकडं देतेय. तब्येत कशी आहे ते सगळं लिहिलंय, आता विचारायचं काही उरलं नाही. तरीही ये. मी आडवी असेन, शेजारी आडवी हो, तुला तर ते चांगलं जमतं. आणि रविवारी तू आली नाहीस, तर तू कशासाठी येणार होतीस ते मला कळेल.

आज तरी तुझीच,
धनश्री